शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलांचं बँक खातं: तुमचे अनुभव सांगा (अनुभव धागा)

शेवंती

लेकीला कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्यातलं कॉलेज मिळालं. खोली, मेस, ड्रॉइंगचं सामान अशी सगळी यादी झाली आणि मग लक्षात आलं की तिचं स्वतःचं बँक खातंच नाही. आजवर लागेल तसे हातात पैसे दिले, नाहीतर तिच्या बाबांच्या फोनवरून गेले.

माझं पहिलं खातं १९९६ सालचं, संगमनेरचं. तेव्हा त्या शाखेतल्या जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागायची. वडिलांनी आमच्या किराणा दुकानदारांना सोबत नेलं, त्यांनी सही केली, दोन दिवसांनी पासबुक मिळालं. बँक निवडायची असते हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. आणि परवा प्रवेशाला गेलो तर कॉलेजच्या फाटकाशी तीन बँकांच्या छत्र्या. तिघंही "झिरो बॅलन्स, मॅडम, पाच मिनिटांत खातं" म्हणत होते. लेक फॉर्म भरायला निघालीच होती, मीच थांबवलं.

तिला शिष्यवृत्तीचा अर्जही भरायचाय. म्हणून हा धागा. "अमुक बँक चांगली" एवढंच लिहू नका. तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी काय निवडलं, कुठे अडलं, आज पुन्हा निवडायचं झालं तर काय वेगळं कराल, ते सविस्तर लिहा. तक्रार असेल तर बँकेचं नाव नको, घडलं काय ते सांगा.

गोदाकाठ

ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. शिष्यवृत्ती असेल तर माझं आधी वाचा.

मी नांदेड जिल्ह्यातली, बी.फार्म छत्रपती संभाजीनगरला केलं. गावाकडे सरकारी बँकेत खातं होतं, नववीत शाळेनंच उघडून घेतलेलं. पहिल्या वर्षाला कॉलेजात एका बँकेचा कॅम्प लागला. फॉर्म भरला, यंत्रावर अंगठा लावला, एक बॅग मिळाली. ते खातं मी कधी वापरलं नाही. त्याला दिलेला मोबाईल नंबरही पुढे बंद केला.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज मंजूर झाला, हप्ता जमा झाल्याचं दिसायला लागलं, आणि गावच्या खात्यात एक रुपया नाही. दोन महिने कॉलेजचं ऑफिस, समाजकल्याण आणि बँक अशा चकरा मारल्या. मेसचे पैसे मैत्रिणीनं भरले, तिच्याही घरी काही फार नव्हतं. शेवटी समाजकल्याणमधल्या एका मॅडमनी विचारलं, "तुझं आधार कोणत्या बँकेला सीड आहे ते बघितलंस का?" पैसे कॅम्पातल्या त्या खात्यात पडून होते. काढायचे तर ओटीपी बंद नंबरवर.

तेव्हा कळलं ते सांगते. हे पैसे आपण लिहून दिलेल्या खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे नोंद असते, तिच्यात एका आधारपुढे एकच बँक. सगळ्यात शेवटी जी बँक जोडली तिथे पैसे जाणार. बँकेत विचारलं की "हो, आधार लिंक आहे" म्हणतात. ते केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं, असू शकतं. लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीड असणं वेगळं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून "बँक सीडिंग स्टेटस" बघा, तिथे बँकेचं नाव दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत संमतीचा फॉर्म भरून द्या आणि पोच घ्या. कॅम्पातल्या फॉर्मवर "अनुदान या खात्यात हवे" असा रकाना असतो. मी न वाचता खूण केली होती.

केळफूल

सरकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच काउंटरवर. गोदाकाठ यांनी लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. जून ते ऑक्टोबर आमच्याकडे हीच मुलं रांगेत असायची.

शेवंतीताई, "झिरो बॅलन्स" म्हणजे नेमकं काय ते विचारा, कारण या शब्दाखाली निरनिराळी खाती खपवली जातात. एक असतं मूलभूत बचत खातं, ज्याला आम्ही बीएसबीडी म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं. किमान शिल्लक नाही आणि एटीएम कार्ड फुकट. महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत, आणि त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. दुसरं असतं बँकेनं स्वतः काढलेलं विद्यार्थी खातं. त्याची सवलत बहुधा ठरावीक वयापर्यंत किंवा कोर्स संपेपर्यंत असते. मग ते आपोआप साध्या खात्यात जातं आणि किमान शिल्लक सुरू होते. तिसरं मोबाईलवरचं "पाच मिनिटांतलं" खातं. नुसत्या आधार ओटीपीवर उघडलं असेल तर शिल्लक १ लाखाच्या वर जाऊ देत नाहीत, वर्षभरातली एकूण जमा २ लाखांपर्यंतच, आणि वर्षाच्या आत पूर्ण केवायसी केली नाही तर खातं बंद. शैक्षणिक कर्जाचा किंवा फीचा मोठा पैसा त्यातून फिरवायचा असेल तर नेमकं ऐन वेळी अडतं.

किमान शिल्लकीचं म्हणाल तर स्टेट बँकेनं ती अट मार्च २०२० मध्ये काढली. २०२५च्या जूनमध्ये कॅनरा बँकेनं काढली, पाठोपाठ आणखी काही सरकारी बँकांनी. म्हणजे आज "विद्यार्थी खातं" या नावासाठी अडून बसायचं कारण उरलेलं नाही. त्यापेक्षा डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे, नवं कार्ड काढायला किती, हे लेखी मागा. पोरांची कार्डं फार हरवतात हो.

इंद्रायणी_काठी

केळफूल काका, एक भर. दोन वर्षं मुलानं हॉस्टेलजवळच्या बँकेचं खातं न वापरता तसंच सोडलं होतं. ते निष्क्रिय झालं, पुन्हा केवायसी करावी लागली. अर्ज दिला, आठवड्यात सुरू झालं. त्रास फार नाही, पण फी भरायची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती.

केळफूल

बरोबर. त्यातही शिष्यवृत्तीसाठी उघडलेली खाती वापर नाही म्हणून निष्क्रिय करायची नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२४ पासून सांगितलंय. शाखेत कुणी ऐकलं नाही तर हा मुद्दा धरून लेखी अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

पंचगंगा

आम्ही कोल्हापूरचे. मुलीचं खातं ती अकरा वर्षांची असताना उघडलं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. बक्षिसाचे, आजीनं दिलेले पैसे ती स्वतः स्लिप भरून टाकायची. त्याचा एवढा फायदा झाला की बारावीनंतर तिला बँकेत काही शिकवावं लागलं नाही.

अडलं ते अठरा पूर्ण झाल्यावर. खातं सज्ञान करताना नव्यानं केवायसी आणि सहीचा नवा नमुना द्यावा लागतो. अकराव्या वर्षीची तिची सही म्हणजे देवनागरीत गोल गोल पूर्ण नाव, आणि आता इंग्रजीत एक झटका. वाढदिवसानंतर लगेच जाऊन या.

सह्यकडा

नावाचं कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, पॅनवर वडिलांचं नाव गायब. तिन्ही मीच, पण अर्ज तीनदा परत आला. आधी आधार आणि पॅन एकसारखं करून घ्या, मगच बँकेत जा.

किंग्ज_सर्कल

माटुंग्याला हॉस्टेलवर होतो. मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला तीनच व्यवहार फुकट, पुण्यात किंवा नाशकात पाच. शिल्लक बघणंसुद्धा त्यात मोजतात. आता मोफत व्यवहार संपले की दर वेळी २३ रुपयांपर्यंत अधिक कर. यूपीआय आहे म्हणून एटीएम लागत नाही असं समजू नका. आमचे मेसवाले काका रोखच घ्यायचे.

हुरडा

हे माझ्या धाकट्या भावाचं आहे, त्याला विचारून लिहितोय. दुसऱ्या कुणाच्या मुलावर ही वेळ येऊ नये.

तो नागपूरला दुसऱ्या वर्षाला होता. हॉस्टेलमधला एक सीनियर म्हणाला, "तुझं ते जादा खातं पडूनच आहे ना? एका कंपनीला महिनाभर वापरायला दे, ५ हजार मिळतील." पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम असा सगळा संच मागितला. पोरगं हुशार, पण त्या महिन्यात घरून पैसे गेले नव्हते. सोयाबीन घरातच होतं, भाव नव्हता. आम्ही त्याला "पुढच्या आठवड्यात पाठवतो" म्हणत होतो. त्यानं दिला संच.

तीन आठवड्यांनी परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आली. कुणाला तरी फसवून लुटलेली रक्कम त्याच्या खात्यातून पुढे गेली होती. ते खातं गोठलं. त्याच बँकेत त्याचं रोजचं खातं होतं, परीक्षा फीचे पैसे त्यात होते, तेही गोठलं. वडील आणि मी वकील घेऊन तिकडे दोनदा जाऊन आलो. सीनियर कॉलेज सोडून गेला होता. जबाब, कागद, पुन्हा जबाब. खातं ज्याच्या नावावर, उत्तर त्यानं द्यायचं, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि ते बरोबरच आहे. सात महिने गेले. भाऊ त्या काळात जेवायला बसला की मान खाली घालून जेवायचा.

खातं निवडण्याच्या धाग्यावर हे कशासाठी, असं वाटेल. पण त्याची चार खाती होती, चारही छत्र्यांखाली उघडलेली. एकच असतं तर "जादा" म्हणून देता आलं नसतं. शेवंतीताई, मुलीला हे नीट समजावून सांगा, आणि दर महिन्याला पैसे कमी पडतात का हे तिच्याकडून काढून घ्या. पोरं आपणहून सांगत नाहीत.

केळफूल

हुरडा, लिहिलंत हे फार मोलाचं आहे. भावाला माझा आशीर्वाद सांगा.

दुसरी बाजूही सांगून ठेवतो. आपल्या खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला लेखी कळवणं. आपली चूक नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान आपल्यावर येत नाही. हा नियम २०१७ पासून आहे. ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून खात्याला मुलीचाच नंबर द्या, वडिलांचा नको. मेसेज तिला दिसला पाहिजे.

नीरा_डावा_कालवा

आमच्या घरी सगळ्यांचीच खाती एका सहकारी बँकेत. आजोबांपासूनची. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्या बँकेवर निर्बंध आले आणि ठरावीक रकमेवर काढता येईना. फीसाठी ठेवलेले पैसे आत, आम्ही बाहेर. ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पैसे मिळालेही, पण सत्राची तारीख त्यासाठी थांबत नाही. सहकारी बँकांवर माझा राग नाही, आमच्या गावात कर्ज त्यांनीच दिलं. फक्त मुलाच्या फीचे पैसे आणि घरची पुंजी एकाच बँकेत ठेवू नका.

आखेनहून

मी मूळ सांगलीचा, मार्च २०२५ मध्ये मास्टर्ससाठी जर्मनीत आलो. कुणाची मुलं येणार असतील तर त्यांच्यासाठी.

इथल्या व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागले. त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, आणि तेही इथल्या साध्या चालू खात्यात. ते खातं उघडायला काही बँकांना पत्त्याच्या नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, नोंदणीला घर लागतं, आणि घरमालक आल्या आल्या डिपॉझिट मागतो. माझे पहिले तीन आठवडे बाबांनी दिलेल्या फॉरेक्स कार्डावर गेले. तेवढी सोय करूनच निघा. विद्यार्थ्यांना काही बँका महिन्याचं शुल्क लावत नाहीत, वयाची अट मात्र बघा. मी २७ वर्षांचा, एका बँकेत त्यापायीच सवलत हुकली.

आणि भारतातलं खातं. शिकायला परदेशी गेलात की नियमानं अनिवासी होता, बचत खातं एनआरओ (अनिवासींसाठीचं खातं) करावं लागतं. निघायच्या आधी शाखेत कळवा. भारतातलं सिम चालू ठेवा, ओटीपीशिवाय तिथल्या खात्याला हातही लावता येत नाही.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठ, तुमचं वाचून त्याच रात्री लेकीचं सीडिंग बघितलं. खातं नाही म्हणत होते मी, आणि तिथे चक्क बँकेचं नाव! कपाटातली शाळेच्या दाखल्यांची फाईल उपसली तेव्हा पासबुक सापडलं. पाचवीत शाळेनं खाती उघडून घेतली होती, पालक म्हणून तिच्या बाबांची सही. पासबुकावरची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालीय, म्हणून साइटवरचं नाव पासबुकाशी जुळेना. आतमध्ये २१२ रुपये आहेत.

काल तिघं गेलो. ते खातं नवीन काढण्यापेक्षा सज्ञान करून घ्यायचं ठरलं. पुण्यात कॉलेजपासून जवळ त्यांची शाखा आहे, किमान शिल्लक नाही, आणि सीडिंग आधीपासून तिथेच. कार्डाची फी आणि एसएमएसचे पैसे लेखी मागितले, मॅनेजरनी दरपत्रक छापून दिलं. मोबाईल नंबर तिचा टाकला. पुण्याच्या पत्त्यासाठी स्वघोषणा चालते म्हणाले, खोली पक्की झाली की देऊ. छत्रीखालचं खातं तूर्त नाही.

पंचगंगा, सहीचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. तिनं तीनदा केली, तिन्ही वेगळ्या. काउंटरवरच्या बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला, म्हणाल्या, "बस तिकडे बाकावर, दहा वेळा काढून बघ, मग ये." हुरडा यांच्या भावाचं मी तिला त्या बाकावरच वाचायला दिलं. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मेस २ हजार ८०० नाही, ३ हजार ४०० आहे. तुला जास्त वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं."

कार्ड यायला दहा दिवस लागतील म्हणाले. शिष्यवृत्तीचा अर्ज पुढच्या आठवड्यात भरणार आहोत, तिथे काही अडलं तर इथेच येऊन विचारेन.