सेमी-ऑटो शॉटगनला बाहेरचे पार्ट: सुधारणा किती, हौस किती?

चुकलेला_नेम (धागाकर्ता)

वर्षभरात माझ्या बारा बोअर सेमी-ऑटोला (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) पाच बाहेरचे पार्ट जमवून लावले. मॅगझिनला (काडतुसं साठवायच्या खालच्या नळीला) जोडनळी, रिसीव्हरच्या (मधल्या पेटीच्या) डाव्या अंगाला सहा काडतुसांचा पट्टा, बोल्टला (नळीचं मागचं दार बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला) मोठी मूठ, खांद्याला टेकणारा जाड रबरी बट-पॅड आणि एक लांब चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्रे आवळणारा तुकडा). बंदूक आता दिसते भारी. अडचण एवढीच की ती चालत नाही.

अगदीच चालत नाही असं नाही. 36 ग्रॅम छर्ऱ्यांची जड काडतुसं मुकाट खाते. 24 ग्रॅमची हलकी घातली की तिसऱ्या-चौथ्या बाराला रिकामं काडतूस खिडकीत उभं अडकतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. बोल्ट त्याला चावून बसलेला. हीच काडतुसं, हीच बंदूक, पार्ट लावायच्या आधी एकदाही अडली नव्हती.

त्यामुळे माझं मत आता पक्कं झालंय. बाहेरचे पार्ट ही निव्वळ हौस. कंपनीने बंदूक जशी दिली तशी वापरावी आणि उरलेले पैसे काडतुसांवर उडवावेत. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणांसकट भांडावं, नुसतं "माझी तर मस्त चालते" नको.

स्क्रूपिळ्या

साफ असहमत. कंपनी बंदूक बनवते ती सगळ्यांना परवडेल अशी, तुमच्या हाताच्या मापाची नाही. मॅगझिनमधला काडतुसं ढकलणारा फॉलोअर बऱ्याच बंदुकांत पातळ प्लास्टिकचा असतो, तो तिरका होऊन नळीत अडकतो. बोल्ट सोडायचं बटण हातमोजे घातले की बोटाला सापडत नाही. सेफ्टीचं बटण डावऱ्या माणसासाठी उलट्या बाजूला. या गोष्टी बदलणं हौस कशी?

तुम्ही पाच पार्ट लावलेत, एकेक करून लावले होते का? की एका रविवारी सगळे पेटारे उघडून बसलात? एकदम पाच गोष्टी बदलायच्या आणि मग "पार्ट वाईट" म्हणायचं, हे पाच औषधं एकत्र घेऊन वैद्याला शिव्या देण्यासारखं आहे.

चुकलेला_नेम

रविवार नव्हता, शनिवार होता. बाकी आरोप मान्य.

गणितमास्तर

धागाकर्त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट लिहिलीच नाही: बंदूक गॅसवर चालणारी (बाराच्या गॅसने बोल्ट ढकलणारी) की जडत्वावर? लक्षणांवरून जडत्वावरची वाटते. तसं असेल तर तुमची बंदूक बिघडलेली नाही, तिला उपाशी ठेवलंय.

या पद्धतीत बोल्टचं धूड आणि पुढचं फिरणारं डोकं यांच्यामध्ये एक जाड, आखूड स्प्रिंग असते. बार उडाला की सगळी बंदूक मागे येते, पण बोल्टचं धूड मोकळं असल्यामुळे जडत्वाने जागीच राहू पाहतं. बंदुकीच्या हिशेबाने ते पुढे सरकतं आणि ती स्प्रिंग दाबली जाते. क्षणभराने, छर्रे नळीबाहेर पडल्यावर, तीच स्प्रिंग उलगडून धुडाला मागे फेकते, डोकं फिरून कुलूप उघडतं आणि रिकामं काडतूस बाहेर पडतं. इटलीच्या ब्रूनो चिव्होलानीने 1960च्या दशकात ही युक्ती बसवली आणि बेनेल्ली कंपनीच्या बंदुका तिच्यावर उभ्या राहिल्या. नळीला भोक नाही, पिस्टन नाही, काजळी जवळजवळ नाही. सगळी ताकद कुठून येते? बंदूक मागे येण्यातून. बंदूक मागे आली नाही तर काहीच होत नाही.

आता हिशेब. भरलेलं एक काडतूस 40 ग्रॅमच्या आसपास. पट्ट्यावरची सहा म्हणजे पाव किलो, त्यात पट्टा, पोलादी जोडनळी आणि तिच्यातली काडतुसं. अर्धा किलो सहज झाला. 3.2 किलोची बंदूक 3.7 ची झाली. काडतूस तेच, म्हणजे संवेगही तोच, पण बंदुकीचा मागे येण्याचा वेग साडेतेरा टक्क्यांनी कमी. आणि मधल्या स्प्रिंगच्या वाट्याला येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे ढोबळ मानाने पाव हिस्सा गायब. 36 ग्रॅमच्या काडतुसाला हा पाव हिस्सा जाणवत नाही. 24 ग्रॅमचं आधीच काठावर होतं, ते काठाखाली गेलं.

वजन वाढवल्यावर खांद्याला धक्का कमी बसतो म्हणून तुम्ही खूश झाला असाल. खांद्याचं जे वाचलं तेच बोल्टला कमी पडलं.

स्क्रूपिळ्या

मास्तर, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. पट्टा वाईट नाही, तो जडत्वाच्या बंदुकीवर लावणं वाईट. त्यावरही उपाय आहे. बोल्ट पुढे ढकलणारी स्प्रिंग थोडी हलकी मिळते, ती घाला.

गणितमास्तर

आणि मग बोल्ट पूर्ण बंद होणार नाही त्याचं काय? या बंदुकांचा एक जुना त्रास आहे. बोल्ट हाताने हळू सोडला किंवा बंदूक कशाला आपटली की डोकं पुरतं फिरत नाही. वरून बघाल तर बंद दिसतं. चाप ओढला की नुसतं "टक्". त्यासाठी लोक उलट जास्त कडक स्प्रिंग घालतात, आणि कडक घातली की हलकी काडतुसं अडतात. एकाच पांघरुणाची ओढाताण आहे ही, डोकं झाकलं की पाय उघडे.

जुनी नळी

ही ओढाताण आजची नाही. ब्राउनिंगच्या ऑटो-5 या जुन्या सेमी-ऑटोचं पेटंट 1900 चं. तिच्यात मॅगझिनवर एक घर्षणाचं कडं असे. जड काडतुसं वापरायची तर कडं एका पद्धतीने बसवायचं, हलकी वापरायची तर काढून दुसऱ्या पद्धतीने. विसरलात तर एकतर काडतूस अडे किंवा बंदूक स्वतःलाच बडवून घेई. म्हणजे काडतूस आणि बंदूक यांचा मेळ जमवण्याचं काम तेव्हा मालकाकडे होतं. नंतरच्या कंपन्यांनी ते आपल्याकडे घेतलं, आणि तुम्ही लोक पैसे मोजून ते परत स्वतःच्या डोक्यावर घेताय.

गॅसवर चालणाऱ्या बंदुकीला वजनाचं वावडं नाही, हे खरं. तिथे नळीतल्या भोकांतून गॅस येतो, पिस्टनला ढकलतो, बंदूक जड की हलकी याच्याशी त्याचं देणंघेणं फार थोडं. बेनेल्लीचंच बघा. जी कंपनी जडत्वावर मोठी झाली तिने अमेरिकी सैन्यासाठी एम4 बनवताना दोन आखूड पिस्टनांची गॅस पद्धत घेतली. 1999 मध्ये ती एम1014 या नावाने सैन्यासाठी निवडली गेली. टॉर्च, दुर्बीण लटकवून बंदूक जड होणार हे तिथे गृहीतच होतं.

पण गॅसवाल्यांनी फार हसू नये. माझ्याकडे एक जुनी गॅसवाली होती, मध्येच अडायला लागली. मी तिला नवीन पिस्टन घातला, नवीन स्प्रिंगा घातल्या, बाहेरच्याच. फरक शून्य. शेवटी दस्ता काढला. त्याच्या आत बोल्ट परत ढकलणारी स्प्रिंग एका नळीत असते. ती नळी उघडली तर आत तेल वाळून काळी राळ झालेली, आणि स्प्रिंग तिच्यात रुतून बसलेली. रॉकेलमध्ये बुडवून, चिंधीने पुसून परत बसवली. आजही चालते. काढलेला नवा पिस्टन ड्रॉवरमध्ये पडून आहे.

माझं म्हणणं एवढंच: आधी साफ करा, झिजलेलं कंपनीचंच बदला. रेमिंग्टन 1100 ही 1963 पासूनची बंदूक, तिच्यात गॅस अडवणारी एक रबरी रिंग असते. ती फाटली की बंदूक अडते. त्यावर लोक काय काय महागडे उपाय करत बसतात, आणि रिंग मात्र तशीच.

केशरी चकती

इथे दोन्ही बाजूंचे पुरुष बोल्टवर भांडतायत, पण चकती फुटते का याबद्दल कोणी बोलत नाहीये. :)

मी हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेमबाजी करते. माझ्या सेमी-ऑटोत बाहेरचे दोनच पार्ट आहेत, दोन्ही माझ्या अंगाला लागणारे. एक कमी जाडीचा बट-पॅड, कारण कंपनीचा दस्ता माझ्या हाताला लांब होता. बंदूक वर आणताना बगलेत कपड्याला अडकायची. दुसरा गालाखालचा उंचवटा. गाल दस्त्यावर टेकल्यावर डोळा नळीच्या वरच्या कडेला नेमका समांतर यायला हवा. माझा डोळा दोन-तीन मिलिमीटर खाली होता. एवढ्याने काय होतं म्हणाल, तर छर्रे चकतीच्या खालून जातात आणि आपण वर्षभर स्वतःला दोष देत बसतो. हे दोन बदल केल्यावर बोल्ट तोच, चाप तोच, स्प्रिंग तीच, पण चकत्या फुटायला लागल्या.

दस्ता आणि रिसीव्हर यांच्यामध्ये घालायच्या पातळ पाचरी बऱ्याच नव्या बंदुकांच्या खोक्यातच येतात, दस्ता वर-खाली, डावा-उजवा कलवायला. किती जणांनी ते पाकीट उघडलंय? खरं सांगा.

आता चोक. धागाकर्त्यांचा लांब चोक छान दिसत असेल, पण कागदावर बघितलाय का? फुल, म्हणजे जास्त आकसलेल्या, चोकचं जुनं माप असं: 40 यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, 30 इंचांच्या वर्तुळात 70 टक्के छर्रे. त्याहून कमी आकसलेल्या मॉडिफाइडला 60, आणखी मोकळ्या इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला 50. नळीच्या तोंडाशी आकसणं किती? फुलला जेमतेम एक मिलिमीटर, मॉडिफाइडला अर्धा. मी एकदा मोठा कागद ताणून कंपनीचा आणि बाहेरचा असे दोन्ही चोक एकाच काडतुसाने दहा-दहा बार काढून मोजले. छर्रे मोजता मोजता रात्र झाली. फरक इतका किरकोळ होता की काडतुसाचा ब्रँड बदलून त्याहून जास्त फरक पडला. म्हणून चोक वाईट असं नाही, पण कागदाशिवाय घेऊ नका. आणि पोलादी छर्रे वापरत असाल तर चोकवर तशी परवानगी लिहिलेली आहे का ते आधी बघा. शिसं दबतं, पोलाद दबत नाही.

स्क्रूपिळ्या

ताई, पाकीट उघडलेलं नाही. आत्ता बघतो.

पण चापाचं काय? कंपनीचा चाप इतका जड असतो की ओढताना नळी हलते. हलक्या स्प्रिंगचा संच स्वस्तात मिळतो.

जुनी नळी

इथे मात्र मी हात जोडतो. शॉटगनच्या बहुतेक सेफ्टी फक्त चाप अडवतात. आतला घोडा ज्या खाचेवर थांबलेला असतो, ती खाच निसटली तर सेफ्टी बघत राहते. सेमी-ऑटोत बोल्ट दर बाराला आदळतो, त्या हादऱ्यात हलकी पकड सुटली तर एका ओढीत दोन बार निघतात. दुसरा बार कुठे जाईल हे तुमच्या हातात नसतं. चाप जड वाटत असेल तर परवानाधारक गनस्मिथकडे जा. घरी, टेबलावर, व्हिडिओ बघून नको.

मोठ्या बटणाचंही तसंच. काही बंदुकांत बोल्टचं बटण आणि मॅगझिनमधून काडतूस सोडणारी कळ एकच असते. ते बटण मोठं केलं की बंदूक पकडताना तळव्याने चुकून दाबलं जातं, आणि एक जास्तीचं काडतूस वर उचलणाऱ्या पाळण्याखाली जाऊन बसतं. मग ना बोल्ट हलतो, ना पाळणा. ती गाठ सोडवायला काय लागतं ते अनुभवलेल्यांनाच विचारा.

स्क्रूपिळ्या

चापाचं पटलं. बटणाचं नाही. मोठं म्हणजे किती मोठं याला काही माप असतं, सगळीच ताटाएवढी नसतात.

नुसताच वाचक

जोडनळीवर कोणी कायद्याचं बोललं नाही म्हणून लिहितो. मॅगझिनमध्ये काडतुसं किती मावतात हा बऱ्याच देशांत परवान्याचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये सेमी-ऑटोच्या मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त मावली की ती साध्या शॉटगनच्या परवान्यात बसत नाही. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला 1935 पासून तीनच काडतुसांची मुभा आहे. शिवाय तिथे आयात सेमी-ऑटोत बदल करायचे तर यादीतल्या 20 भागांपैकी आयात केलेले 10 पेक्षा जास्त चालत नाहीत. तिथले लोक देशी फॉलोअर, देशी पिस्टन घालतात ते दरवेळी सुधारणा म्हणून नाही, हा आकडा जुळवायला. त्यांचं बघून आपण तोच फॉलोअर मागवायचा म्हणजे कमालच.

चुकलेला_नेम

मास्तर, बंदूक जडत्वाचीच आहे. काल प्रयोग केला. पट्टा काढला, जोडनळी काढली, बाकी तसंच ठेवलं. 24 ग्रॅमची 50 काडतुसं, एकही अडलं नाही. मग नुसती जोडनळी परत लावली, 25 मध्ये दोन अडली. मग नळी ठेवून बंदूक जरा सैल धरली तर आणखी अडतील असं वाटलं होतं, पण उलट कमी अडली.

गणितमास्तर

बरोबर आहे. खांद्यात घट्ट दाबून धरली तर तुमचं अंगही बंदुकीच्या वजनात धरलं जातं. तिला मागे यायला जागा हवी. म्हणजे फार सैल धरा असंही नाही, गालावर वळ उठेल.

चुकलेला_नेम

वळ आधीच उठलाय.

मत थोडं बदलतो. बट-पॅड राहणार, गालाखालच्या उंचवट्याचं माप घेणार, चोक कागदावर बघणार. मोठ्या मुठीबद्दल स्क्रूपिळ्यांशी अजूनही भांडायची तयारी आहे, कारण ती दर वेळी जर्सीच्या खिशात अडकते. पट्टा मात्र काढला तो काढला.

स्क्रूपिळ्या

पट्टा कुठल्या हाताचा म्हणालात? माझी गॅसवाली आहे. विकणार असाल तर निरोप करा.