पहिल्यांदाच मिशन ट्रिपला परदेशी चाललेय, कुणी जाऊन आलंय का?

हिशेबवाली:
आमच्या चर्चची टीम दोन आठवड्यांसाठी युगांडाला चाललीय, पाळकसाहेबांनी माझंही नाव घेतलं आणि मी लगेच हो म्हणून बसले, आता रात्री झोप येत नाही. टीममध्ये दोन डॉक्टर आहेत, एक प्लंबर काका आहेत, मला मात्र हिशेब सोडून काही येत नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करते. म्हणून मला अनाथाश्रमात मुलांशी खेळायला नि गाणी शिकवायला ठेवलंय. मुलं मला खूप आवडतात, पण लळा लावायचा आणि निघून यायचं हे कुठेतरी टोचतंय. शिवाय आई रोज विचारते लस कुठली, व्हिसा कुठला, मला धड सांगता येत नाही. जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा प्लीज.

नर्सताई:
आईंना सांगा, युगांडाला यलो फीव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड लागतंच. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते कार्ड ग्राह्य धरतात आणि लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही. एकदा घेतलीत की झालं, २०१६ पासून ते कार्ड आयुष्यभर चालतं. मलेरियाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि घरी आल्यावर लगेच बंद करू नका!! डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर परतल्यावरही ४ आठवडे घ्यायची असते. आमच्या टीममधल्या एका मुलाने आता काय घरी आलो म्हणून सोडून दिली, तिसऱ्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप, मलेरियाच निघाला. आल्यावर ताप आलाच तर कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आधी सांगायचं, मग बाकीचं.

दोनदा_गेलेली:
ताई, तुम्हाला टोचतंय ते बरोबरच टोचतंय. मी पहिल्या ट्रिपला अशाच एका आश्रमात होते (देश वेगळा होता). सहा-सात वर्षांची एक मुलगी पहिल्याच दिवशी माझ्या ओढणीचं टोक धरून बसली ती सोडेचना, मला वाटलं देवाने हिच्यासाठीच मला पाठवलं. रविवारी फाटकापाशी एक बाई उभी दिसली, हातात कणसं, ती त्या मुलीची आई! खायला घालणं आणि शाळेची फी जमत नाही म्हणून तिने मुलीला तिथे ठेवलं होतं. मी आठवडाभर जिला अनाथ समजत होते तिची आई चालत येण्याच्या अंतरावर होती हो. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या चर्चमधले दहा लोक ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना पकडले गेले, त्यातल्याही बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. लोक चांगल्या मनाने गेले होते असं धरलं तरी त्या घरांचं काय झालं असेल? निघताना ती मुलगी रडली नाही, नुसती बघत राहिली, तिला सवय झाली होती आणि तेच मला अजून सहन होत नाही. दुसऱ्या वेळी मी पाळकांना स्पष्ट सांगितलं, आश्रम नको. हिशेब येतो ना तुम्हाला? मग तिथल्या चर्चच्या खजिनदारांना विचारा की त्यांना काय हवंय, आपल्या टीमला काय द्यायचंय ते बाजूला ठेवा.

व्हिसावाला:
टुरिस्ट व्हिसावर सेवाकार्य चालतं असं गृहीत धरू नका, बोलावणाऱ्या चर्चचं लेखी पत्र घ्या आणि वकिलातीला कामाचं स्वरूप सांगून विचारा. पासपोर्टची मुदतही बघा, प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक हवी. नेपाळसारख्या देशात तर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने धर्मांतर करवणं गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे प्रत्येक देशाचं वेगळं बघावं लागतं.

हिशेबवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पाळकसाहेबांशी बोलले, मला वाटलं रागावतील पण त्यांनी तिथल्या खजिनदार बाईंना लगेच फोन लावून दिला. त्या म्हणाल्या आमच्या दवाखान्याचा हिशेब तीन वह्यांत आहे आणि तिन्हींचा मेळ बसत नाही, तुम्ही आठ दिवस माझ्याशेजारी बसाल का! वह्यांचे फोटोही पाठवलेत, औषधांचा खर्च आणि रविवारचं अर्पण एकाच पानावर लिहिलंय, सकाळपासून तेच बघतेय. लस मंगळवारी, आई सोबत येतेय.