नेरूळच्या तलावात फ्लेमिंगो का येत नाहीत?

पामबीचवाला: नेरूळच्या डीपीएस शाळेमागच्या तलावाजवळ राहतो. आधी एप्रिल-मेमध्ये खिडकीतून गुलाबी पट्टा दिसायचा, मग एका सीझनला पाणी आटून भेगा पडल्या आणि नंतर पाणी आलं तर वर हिरवी साय. सोसायटीतले एक काका म्हणतात हा मुळात खड्डाच, पक्षी खाडीत जातील की. खरंय का?

खाडीकाठचा: काकांना सांगा, खाडीत जागा असते ती फक्त ओहोटीला. तेव्हा चिखल उघडा पडतो, त्यातलं शेवाळ नि बारीक किडे खातात. भरती चढली की सगळा चिखल पाण्याखाली, मग उथळ पाण्यात उभं राहायला ते नेरूळच्या तलावांवर, भांडुपकडे वगैरे येतात. ठाणे खाडी २०१५ ला अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी) गेली, पण ही भरतीच्या वेळची ठिकाणं अभयारण्याच्या हद्दीबाहेर! खाडीतून तलावात भरतीचं पाणी यायचा पाइप बुजला की तलाव आटतो, नाहीतर पाणी खेळतं राहत नाही आणि साय धरते. मग पक्षी बसणार कुठे.

उरणचा_आगरी: आमच्याकडे उरणच्या पाणजे पाणथळीला हीच बोंब. भरतीचं पाणी आत येऊ दिलं नाही की पाणथळ सुकते, मग कोणीतरी म्हणणार बघा, ही तर कोरडी जमीन. उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी अडवायचं-सोडायचं दार, आमच्या बापजाद्यांनी पण बांधली हो, खारी शेतीसाठी, पण गरज असेल तशी उघडायची नि बंद करायची. आता निवट्या (चिखलातले मासे) नि चिंबोऱ्या (खेकडे) पकडायच्या जागी डेब्रिजचे डंपर रिकामे होतात. पक्ष्यांचे फोटो पेपरात येतात, आमच्या जाळ्याचा कोण काढतो?

फ्लॅट_हवा: पण भाऊ, लोकांनी राहायचं कुठे मग?

खाडीकाठचा: राहा की, पण पावसाचं पाणी साठवणारी जागा भरून टाकली की तेच पाणी तुमच्या पार्किंगमध्ये येणार. आणि @पामबीचवाला, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जाऊन बघा. खाडीच्या बाजूला पाणी तुडुंब आणि तलावाची पातळी जराही हलत नसेल तर पाइप बुजलाय. दोन्ही बाजूंचे फोटो वेळेसकट काढा, तक्रारीला तेच लागतात.

पामबीचवाला: ओके. पाइपचं तोंड शोधायचं कुठे, जेट्टीच्या रस्त्याखाली ना?

खाडीकाठचा: हो, तिकडेच. गमबूट घालून जा, चिखल गुडघाभर आहे.