मदत हवी आहे: आर - आयग्राफमध्ये गोलांच्या जागी फोटो, काही उमटतात काही नाही

ठायलय
आर ही प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांनो, जरा हात द्या. आमच्या संगीत मंडळाच्या प्रदर्शनासाठी गुरू-शिष्यांचं जाळं आयग्राफ या आरच्या पॅकेजने काढतेय. दोनच घराणी घेतली आहेत. जयपूर-अत्रौलीत वर अल्लादियाखाँ, खाली केसरबाई, मोगूबाई, मंजीखाँ, भुर्जीखाँ, मोगूबाईंकडून किशोरीताई. मल्लिकार्जुन मन्सूरांकडे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ अशा दोघांकडून बाण येतात. किराण्यात अब्दुल करीमखाँ, सवाई गंधर्व, मग गंगूबाई हनगल, भीमसेनजी, फिरोज दस्तूर.

नुसते रंगीत गोल काढले तर कुणी ढुंकूनही बघणार नाही, म्हणून प्रत्येकाचा फोटो हवाय. प्रत्येक नोडचा (जाळ्यातल्या ठिपक्याचा) आकार 'रास्टर', म्हणजे चित्र, असा दिला, फोटो पीएनजी पॅकेजच्या रीडपीएनजीने वाचून यादी करून दिले. रेषा सगळ्या उमटतात, पहिले काही चेहरे येतात आणि मग लाल अक्षरांत: 'अ रास्टर ॲरे मस्ट हॅव एक्झॅक्टली 3 ऑर 4 प्लेन्स', म्हणजे चित्राचे थर नेमके 3 किंवा 4 हवेत. नावं तर एकही येत नाही. फोटो सगळे एकाच मापाचे, गोल कापलेले, कोपरे पारदर्शक. फाइल उघडून बघितली तर फोटो ठणठणीत आहेत.

शिवाय जे चेहरे येतात ते भलत्याच जागी. केसरबाईंच्या नोडवर सवाई गंधर्व बघून आमच्या अध्यक्षांना घेरी यायची बाकी होती.

आकडेमोड
जे फोटो अडतात ते कृष्णधवल आहेत का?

ठायलय
हो! रंगीत सगळे येतात. पण एक जुना चौकोनी कृष्णधवल फोटो घालून बघितला, तो आला. म्हणून तर डोकं चालेना.

आकडेमोड
मग बरोबर. अडणारा एक फोटो वाचून त्याला डिम (मापं सांगणारं फंक्शन) लावा, तिसरा आकडा, म्हणजे थरांची संख्या, 2 येईल. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा असे 3 थर असतात, पारदर्शकता धरून 4. साधा कृष्णधवल म्हणजे एकच थर, तो नुसती मॅट्रिक्स म्हणून येतो आणि चालतो. पण कृष्णधवल फोटोचे कोपरे पारदर्शक केले की बरेच एडिटर 'करडा अधिक पारदर्शकता' असे 2 थर जतन करतात. रीडपीएनजीला ते चालतात, पुढे चित्र काढण्यासाठी लागणाऱ्या ॲज-डॉट-रास्टर फंक्शनला चालत नाहीत.

उपाय: पहिला थर तीनदा आणि दुसरा थर एकदा, असे ओळीने सी या जोडणाऱ्या फंक्शनमध्ये घालून ॲरे करा, मापं मूळचीच, तिसरं 4. हे एका छोट्या फंक्शनमध्ये टाका आणि तिसरं माप 2 असेल तरच लावा. फोटो पुन्हा एडिटरमध्ये नेऊ नका, पुढच्या वेळी कुणीतरी परत तसाच जतन करेल.

नावं न येण्याचं वेगळं कारण शोधू नका. आयग्राफ आधी रेषा काढतो, मग नोड, शेवटी नावं. मध्ये अडला की पुढचं राहिलं.

पानसुपारी
भलत्या चेहऱ्यांचं मी सांगतो. फोटो लिस्ट-डॉट-फाइल्सने (फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणारं फंक्शन) उचललेत ना? तो अक्षरक्रमाने देतो. आयग्राफला नोडची वेगळी यादी दिली नाही, तर तो आधी पहिल्या रकान्यातली, म्हणजे गुरूंची नावं घेतो, मग दुसऱ्या रकान्यातली उरलेली. दोन क्रम जुळायचे कसे?

नोडचा वेगळा तक्ता करा: आयडी, देवनागरी नाव, फाइलचा पत्ता. तो 'व्हर्टिसेस' म्हणून द्या आणि फोटो त्याच तक्त्याच्या क्रमाने लॅप्लायने, म्हणजे एकेक करून, वाचा. फाइलची नावं रोमन ठेवा. विंडोजवर देवनागरी फाइलनावं कधी छळतील सांगता येत नाही.

ठायलय
दोन्ही जमलं, मनापासून आभार! सगळे आपापल्या जागी बसले. आता एकच खुसपट: तिरक्या रेषा फोटोच्या थोड्या अलीकडेच थांबतात, मध्ये फट दिसते. फ्लेक्सवर ती बोटभर होईल.

आकडेमोड
रास्टर आकारात रेषा चौकोनाच्या कडेवर कापली जाते. तुमचे कोपरे पारदर्शक, म्हणून फट. ॲडशेप वापरून नवा आकार नोंदवा: 'क्लिप' (रेषा कुठे कापायची) वर्तुळाचं घ्यायचं, 'प्लॉट' (नोड कसा काढायचा) रास्टरचा. दोन्ही शेप्स या फंक्शनमधून मिळतात. मग रेषा थेट गोलाला भिडतात. साइज आणि साइज2 (रुंदी आणि उंची) मात्र सारखेच ठेवा, नाहीतर चेहरे चपटे होतील.

पानसुपारी
आणि फ्लेक्सला देण्याआधी 'मल्लिकार्जुन' नीट वाचून घ्या. साध्या पीडीएफ डिव्हाइसला देवनागरी झेपत नाही, जोडाक्षरं फुटतात किंवा नुसते ठिपके येतात. रॅग पॅकेजच्या एजीजी-पीएनजीने काढा आणि रुंदी-उंची फ्लेक्सच्याच प्रमाणात द्या.