अक्षर जुळलं म्हणजे सही खरी?

टिळकवाडीकर:
काल शहापूरवाला यांनी इथं कपिल देवचा फोटो टाकला. १९८३, लॉर्ड्सची गॅलरी, हातात चषक, खाली काळ्या मार्करची सही. बरोबर लिहिलं, "नेटवरच्या सहीवर ठेवून बघितली, केसाचाही फरक नाही. वर प्रमाणपत्र आहे. शंका काढणाऱ्यांनी आपलं घर बघावं." शंका मीच काढली होती, म्हणून उत्तर देतोय.

केसाचाही फरक नाही, याचीच तर भीती वाटते. कोऱ्या कागदावर स्वतःच्या दहा सह्या ओळीनं करा आणि त्यातली एक दुसरीवर बसवून दाखवा. बसणार नाही. बँकेतला कारकूनसुद्धा वळण बघतो, मोजपट्टी लावत नाही. एखादी सही दुसरीवर तंतोतंत बसली तर ती गिरवलेली असते, मशीननं काढलेली असते, नाहीतर मूळ सहीच्या फोटोची सरळ प्रत असते.

फोटो बल्बखाली तिरका धरा. मार्करची शाई चकचकीत कागदावर वर बसते, तिची चमक कागदापेक्षा वेगळी दिसते. सही आणि फोटो एकाच चमकेचे असतील तर सही छापलेली आहे. मग भिंग घ्या. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं खऱ्या मार्करची शाई बहुधा दाट होते. छापील सहीत तिथं काही बदलत नाही, आणि छपाई असेल तर बारीक ठिपके दिसतात. गिरवणाऱ्याचा हात भीतीनं हळू चालतो. रेघ थरथरते, शेवट बोथट होतो, मधेच पेन उचललेलं कळतं. रोज शेकडो सह्या करणाऱ्याची रेघ सुटताना निमुळती होत जाते.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' चालवलं. खोट्या सह्यांबरोबर प्रमाणपत्रंही तितकीच मिळाली. खोटी सही करणाऱ्याला खोटा कागद करायला किती वेळ लागतो?

शहापूरवाला:
फोटो हातात न घेता निकाल देऊन मोकळे झालात! साडेसहा हजार मोजलेत मी. दुकानदार वीस वर्षं ओळखीचा आहे, आमच्या घरच्या लग्नांचे अल्बम त्यानंच केलेत. तो मला फसवेल? माणसाची ओळख भिंगात दिसत नसते.

खानापूरकर:
माझे काका मार्च १९८७ मध्ये बेंगळुरूला पाकिस्तानविरुद्धची टेस्ट बघायला गेले होते. गावसकर ९६ वर बाद झाले तीच, त्यांची शेवटची. हॉटेलबाहेर गर्दीत कपिलपुढं वही सरकवली, त्यानं चालता चालता सही केली. एक अक्षर, पुढं लांब रेघ, संपलं. नेटवरच्या कुठल्याच सहीशी ती जुळत नाही. तुमच्यासारख्या जाणकाराला पुण्यात दाखवली तर तो म्हणाला, खोटी. काका ते ऐकून दोन दिवस जेवले नाहीत. ते स्वतः तिथं उभे होते हो! भिंगवाल्यांवरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला.

टिळकवाडीकर:
काकांची सही खरी असणार, मला शंका नाही. गर्दीतली सही आणि टेबलाशी बसून केलेली सही वेगळीच येते. म्हणजे न जुळणं हा खोटेपणाचा पुरावा नाही आणि जुळणं हा खरेपणाचा नाही. मीही तेच म्हणतोय.

कॅम्पातला:
मला फोटोपेक्षा प्रमाणपत्रात जास्त दिसतंय. तारीख २०११ आणि शिक्का इंग्रजीत 'बेळगावी'. नाव सरकारी कागदावर बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला. २०११ मध्ये इथला कुठला दुकानदार इंग्रजीत 'बेळगाम' सोडून दुसरं लिहीत होता? कागद नंतर केलाय.

अनगोळचा:
असं काही नाही. कन्नडमध्ये आधीपासून बेळगावीच म्हणतात. सरकारनं नाव बदलायचं २००६ मध्येच जाहीर केलं होतं. तेव्हापासून कितीतरी जणांनी पाट्या रंगवल्या. शिक्क्यावरून खोटं म्हणायला तुम्ही कोण?

कॅम्पातला:
मी कोण? ज्याच्या आजोबांची सातबाऱ्यापासून मृत्युपत्रापर्यंत सगळी कागदपत्रं 'बेळगाव' म्हणून झाली, तो. माझ्या मुलाच्या दाखल्यावर आता गावाचं नाव मी म्हणतो ते नाही. दरवर्षी १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावून रस्त्यावर उतरतो ते काय उगीच?

अनगोळचा:
आणि माझी आई कन्नड, वडील मराठी. आमच्या घरात दोन्ही नावं एका ताटात जेवतात. तुमचं दुःख मला कळतं, पण मला परका करून बोलू नका. प्रश्न सहीचा होता.

खानापूरकर:
दोघेही थांबा की. नावाचा वाद इथं मिटणार आहे काय?

कॅम्पातला:
परका म्हणालो नाही. तसं वाटलं असेल तर चुकलं. पण शिक्क्याचा मुद्दा मी सोडणार नाही.

मच्छेचा मास्तर:
कपिलवरून एवढं भांडालाय, आणि आपल्या बेळगावच्या बंडू पाटलांची सही कुणाकडं आहे काय? १९६४, टोकियो, हॉकीचं सुवर्ण, फायनलमध्ये पाकिस्तानला १-० हरवलं. त्या संघातला माणूस आपल्या गावचा. माझ्या वर्गातल्या एकाही पोराला नाव ठाऊक नाही. साडेसहा हजार क्रिकेटला आणि हॉकीच्या पोरांना स्टिक फुटली तर खिळे मारून खेळावं लागतं.

कॅम्पातला:
मास्तर, हे मनापासून पटलं. आमच्याकडे एक आहे, पण ध्यानचंदांची. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९३६ च्या बर्लिनच्या संघाचा फोटो, त्यावर सही. झाशीला घेतली असं सांगायचे.

टिळकवाडीकर:
शाई कसली? फोटो दाखवा.

कॅम्पातला:
निळं स्केचपेन. फोटो टाकलाय बघा.

टिळकवाडीकर:
मग वाईट वाटतं सांगायला. असलं फेल्ट टिपचं पेन जपानमध्ये निघालं ते १९६२ मध्ये. १९३६ च्या फोटोवर ते कुठून येणार?

कॅम्पातला:
फोटो १९३६ चा आहे. सही १९३६ ची आहे असं कोण म्हणालं? ध्यानचंद १९७९ मध्ये गेले. आजोबा झाशीला गेले १९७३ मध्ये, जुना फोटो बरोबर नेला होता. जर्मनीला ८-१ हरवलेल्या माणसासमोर माझे आजोबा ताठ उभे राहिले, हात थरथरत होता असं ते मरेपर्यंत सांगायचे. आणि तुम्ही पेनवरून त्यांना खोटं पाडता?

टिळकवाडीकर:
नाही. इथं मी घाई केली, मान्य करतो. फोटोचं वय आणि सहीचं वय मी एकच धरलं. १९७३ ला स्केचपेन चालतं. पेनवरून ही सही खोटी ठरत नाही. खरी ठरते असंही नाही, तेवढं म्हणू द्या.

मच्छेचा मास्तर:
आजोबांची गोष्ट पोरांना सांगायला या शाळेत. फोटो आणा, सहीचं आम्ही बघत बसणार नाही.

कॅम्पातला:
येतो. सोमवारी चालेल?

शहापूरवाला:
रात्री बारा वाजता मोबाईलचा टॉर्च तिरका लावून बघितलं. चमक सगळीकडं एकच. आडव्या रेघेला उभी छेदते तिथं काळेपणा वाढत नाही. मुलीच्या प्रयोगवहीबरोबरचं भिंग घेतलं, सहीतही तेच ठिपके आहेत जे कपिलच्या स्वेटरवर आहेत.

सकाळी दुकानात गेलो. तो म्हणाला, मुंबईहून लॉटमध्ये आले, प्रमाणपत्रं शिक्का मारून इथंच केली, तारीख त्यांनी सांगितली ती घातली. डोळ्यात बघून बोलत नव्हता. पैशाचं बुधवारी बघू म्हणतोय. टिळकवाडीकर, तुमचं बरोबर निघालं. घर बघा म्हणालो ते परत घेतो. पण काल माझ्या पोरीसमोर मला मूर्ख ठरवल्यासारखं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

टिळकवाडीकर:
ते लागलं असेल तर माफ करा. बुधवारी दुकानात एकटे जाऊ नका, मी येतो. भिंग आणतो.