काचेला धडकून पक्षी मरत आहेत. समोरची झाडे न तोडता काय करता येईल? मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या संस्थेच्या चार मजली इमारतीची पूर्वेकडची भिंत जवळजवळ संपूर्ण काचेची आहे आणि तिच्यासमोर आठ-दहा मीटरवर जुन्या झाडांची एक रांग उभी आहे. या काचेला धडकून पक्षी मरतात हे गेल्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे सफाईचे काम करणाऱ्या मावशी सकाळी सहाला येतात आणि आम्ही कामावर पोहोचण्याआधी खाली पडलेले पक्षी उचलून टाकतात, त्यामुळे ते आमच्यापैकी कोणाच्या दृष्टीसच पडत नव्हते. एकदा मी नेहमीपेक्षा बरीच लवकर आले, तेव्हा त्यांच्या केरभरणीत वाळलेल्या पानांबरोबर दोन लहान पक्षी दिसले. त्यांतला एक हातात घेतला तर अजून उबदार होता. "रोजचंच आहे हो ताई हे," असे त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी नोंद ठेवायला लागले.

सात महिन्यांत माझ्या वहीत २७ पक्ष्यांची नोंद झाली आहे. खरी संख्या याहून जास्त असणार, कारण सुट्टीच्या दिवशी मी तिथे नसते आणि मांजरे व कावळे काही पक्षी उचलून नेतात. बहुतेक धडका तळमजल्याच्या आणि पहिल्या मजल्याच्या काचेवर होतात, त्याही सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत. काही पक्षी खाली पडून थोडा वेळ गुंगल्यासारखे बसतात आणि मग उडून जातात. ते वाचले असे समजून मी त्यांची नोंद करत नव्हते. पण १९७०च्या दशकापासून याच विषयाचा अभ्यास करणारे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम यांचे म्हणणे असे की, उडून गेलेल्यांपैकीही अनेक पक्षी मेंदूतील रक्तस्रावाने किंवा आतल्या इजेने पुढे कुठेतरी मरतात. आता त्यांच्यासाठी वहीत वेगळा रकाना केला आहे.

हा विषय मी संस्थेच्या बैठकीत मांडला. व्यवस्थापनाने तो टाळला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे, पण त्यांनी जो उपाय सुचवला त्याने माझी झोप उडाली आहे. पक्षी झाडांमुळे येतात, तेव्हा समोरची रांग तोडली की प्रश्न मिटेल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याआधी त्यांनी काचेच्या आतल्या बाजूने ससाण्याच्या आकृतीची तीन काळी चिकटचित्रे लावून पाहिली होती. पुढच्याच आठवड्यात त्यांतल्या एका चित्रापासून हातभर अंतरावर एक पक्षी धडकून मेला. त्यामुळे 'काचेवर काही लावून उपयोग होत नाही' हे त्यांचे मत पक्के झाले आणि झाडांचा मुद्दा पुढे आला.

माझ्या वाचनातून मला जे समजले ते असे. काच हा अडथळा आहे हे पक्ष्याला दिसतच नाही. त्याला काचेत उमटलेले झाड आणि आकाश खरे वाटते, किंवा काच आरपार दिसत असेल तर पलीकडची हिरवळ गाठता येईल असे वाटते. शिवाय बहुतेक लहान पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे बाजूचे आणि मागचे त्यांना उत्तम दिसते, परंतु दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा समोरचा पट्टा अरुंद असतो. ससाण्याच्या चित्राला पक्षी भीत नाही. तो फक्त तेवढी जागा टाळतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेतून जाऊ पाहतो. आमच्याकडे नेमके हेच घडले.

हा प्रश्न उंच मनोऱ्यांपुरता आहे, हा आणखी एक समज बैठकीत पुढे आला. अमेरिकेतील इमारतींना धडकून दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरत असावेत, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यातले सुमारे ४४ टक्के मृत्यू एक ते तीन मजली घरांना धडकून, सुमारे ५६ टक्के चार ते अकरा मजली इमारतींना धडकून आणि एक टक्क्याहूनही कमी मृत्यू त्याहून उंच इमारतींना धडकून होतात. एकेका उंच इमारतीवर मरणारे पक्षी जास्त असतात, पण बैठ्या आणि मध्यम इमारतींची संख्याच प्रचंड आहे. म्हणजे आमच्यासारखी चार मजली इमारत हा अपवाद नसून हाच मुख्य प्रश्न आहे.

मला जाणकारांकडून पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. झाडे तोडल्याने धडका खरोखर थांबतात का, आणि थांबत नसतील तर हे व्यवस्थापनाला पटेल अशा रीतीने कसे मांडावे? काचेवर नेमके काय, किती अंतरावर आणि कोणत्या बाजूने लावावे, म्हणजे आतला उजेड फारसा कमी न होता पक्षी वाचतील? ज्यांनी स्वतःच्या इमारतीवर असे काही केले आहे, त्यांना त्याचा किती फरक दिसला? पुढची बैठक तीन आठवड्यांनी आहे.

प्रतिसाद १

मी इमारतींच्या दर्शनी भिंतींच्या आखणीचे काम करतो, म्हणून काचेपुरते लिहितो.

आपल्याकडे लावलेल्या चित्रांमध्ये दोन चुका होत्या: ती आतून लावली होती आणि फार विरळ होती. काचेवरचे प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर तयार होते, त्यामुळे आत लावलेली खूण त्या प्रतिबिंबाच्या मागे लपून जाते. आतले पडदेही याच कारणाने फारसे उपयोगी पडत नाहीत. खुणा बाहेरच्या बाजूनेच हव्यात आणि दोन खुणांमधले अंतर आडवे-उभे दोन्हीकडे सुमारे पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण त्याहून मोठ्या फटीतून आपण पार होऊ असे लहान पक्ष्याला वाटते. ठिपके असतील तर प्रत्येक ठिपका निदान सहा मिलिमीटर व्यासाचा असावा आणि काचेच्या रंगाहून स्पष्ट वेगळा दिसावा. खुणेचा आकार कोणता, याला महत्त्व नाही. ती संपूर्ण काचभर पसरलेली असणे महत्त्वाचे आहे. ठिपक्यांनी काचेचा अगदी थोडा भाग व्यापला जातो, त्यामुळे आतल्या माणसांना काही दिवसांत ते जाणवेनासे होतात.

बैठकीत दाखवायला दोन उदाहरणे देतो. न्यूयॉर्कमधील जॅविट्स सेंटर या प्रदर्शन केंद्राची आरशासारखी काच नूतनीकरणात बदलून ठिपक्यांची काच बसवली, तेव्हा तिथल्या धडका सुमारे ९० टक्क्यांनी घटल्या आणि इमारतीचा ऊर्जावापरही कमी झाला. शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेसमधील सरोवराकाठच्या इमारतीखाली ५ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी सुमारे एक हजार स्थलांतरित पक्षी मेलेले सापडले होते. तिथे काच न बदलता २०२४ मध्ये बाहेरून ठिपक्यांचा पातळ थर चिकटवला आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाले. न्यूयॉर्क शहराने तर नव्या इमारतींच्या खालच्या ७५ फुटांपर्यंतच्या बाह्य भागासाठी पक्ष्यांना सुरक्षित साहित्य वापरण्याचा कायदाच २०१९ मध्ये संमत केला. आपल्या नोंदीत खालचे दोन मजले सर्वाधिक घातक दिसतात, तेव्हा आधी तेवढेच केले तरी चालेल.

एकदम सगळी काच करण्यास व्यवस्थापन तयार नसेल, तर बाहेरून दोऱ्या सोडून पाहा. वरच्या चौकटीला सुमारे तीन मिलिमीटर जाडीच्या गडद दोऱ्या दर दहा सेंटिमीटरवर बांधून मोकळ्या लोंबू द्यायच्या. उभ्या रेषांना इतके अंतर चालते, शिवाय वाऱ्याने हलत असल्यामुळे त्या लांबूनही लक्षात येतात. मात्र दोऱ्यांमुळे काच धुण्याचे काम जिकिरीचे होते, हे आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद २

जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका केंद्रात मी बरीच वर्षे काम केले आहे. काचेचे काम होईपर्यंत पक्षी धडकत राहणार, म्हणून मावशींना एवढे अवश्य सांगून ठेवावे, की गुंगलेला पक्षी बारीक भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवून खोके बंद करावे, ते शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवावे आणि त्याच्या चोचीत पाणी किंवा अन्न मुळीच घालू नये. गुंगीत असलेल्या पक्ष्याच्या श्वासनलिकेत पाणी जाऊन तो दगावतो, आणि हे प्रेमापोटी केलेल्या मदतीनेच घडते, हे मी फार वेळा पाहिले आहे. पंख लोंबत असेल किंवा तास-दोन तासांत तो सावरला नाही, तर वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांकडे सोपवावे. सावरलेला पक्षी काचेपासून दूर नेऊन सोडावा.

झाडांबद्दलही लिहिते. झाडे गेली तरी काचेत आकाश उरतेच, आणि आकाशाच्या प्रतिबिंबालाही पक्षी धडकतात. झाडे जवळ असली की धडका वाढतात हे खरे आहे आणि ते बैठकीत मान्य करावे, नाहीतर आपल्या बाकीच्या म्हणण्यावरही विश्वास बसणार नाही. पण झाडे तोडली तर घरटी आणि अन्न आज जाते, आणि त्या मोबदल्यात मिळते ती धडकांमध्ये होणारी अर्धवट घट. पाण्याचे भांडे किंवा दाणे मात्र लगेच हलवता येतात. ते काचेपासून एक मीटरच्या आत असावेत, म्हणजे पक्षी उडताना वेग घेऊ शकत नाही, किंवा नऊ-दहा मीटरच्या पलीकडे असावेत. मधले अंतर सर्वांत वाईट.

रात्री त्या मजल्यांवरचे दिवे चालू राहतात का, हेही पाहा. रात्री प्रवास करणारे स्थलांतरित पक्षी उजेडाने ओढले जाऊन खाली उतरतात आणि पहाटे काचेच्या भिंतींमध्ये सापडतात. शिकागोच्या त्याच इमारतीवरील अनेक वर्षांच्या नोंदींमधून उजळलेल्या खिडक्या जितक्या कमी, तितके मृत्यू कमी, असे दिसून आले आहे.

धागाकर्ती

दोघांचीही मनापासून आभारी आहे. प्रतिसाद वाचून काल रात्री दहाला मुद्दाम इमारतीपाशी गेले. पहिल्या मजल्यावरचे सगळे दिवे चालू होते आणि आत एकही माणूस नव्हता. रखवालदार काकांनी सांगितले की ते बंद करण्याची सूचना त्यांना कोणी कधी दिलेलीच नाही. आजपासून रात्री आठनंतर ते बंद राहतील, एवढे बैठकीची वाट न पाहता ठरले आहे.

पुठ्ठ्याची दोन खोकी मावशींच्या खोलीत ठेवली आहेत. ज्या चार तावदानांवर माझ्या वहीत सर्वाधिक धडका नोंदलेल्या आहेत, त्यांतल्या दोनांवर बाहेरून दोऱ्या बांधायची आणि दोन तशीच ठेवायची परवानगी मिळाली आहे, आणि तोवर झाडांना हात लावायचा नाही हेही लेखी घेतले आहे. एक शंका अजून उरली आहे. इमारतीच्या कोपऱ्यात दोन काचा काटकोनात मिळतात आणि तिथून पलीकडची झाडे आरपार दिसतात. या जागी दोऱ्या दोन्ही काचांवर बांधाव्या लागतील, की एका बाजूने आरपार दृष्टी अडवली तरी पुरेल?