मदत हवी आहे: उंच गवतातल्या बायसनवर फोकस टिकत नाही

मंडळी, ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समधल्या टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हला (उंच गवताच्या राखीव माळरानाला) पुन्हा जाणार आहे. तेव्हा तिथलं बिग ब्लूस्टेम गवत तांबूस होऊन कुठे कुठे डोक्याएवढं झालेलं असतं. वारा तर पाचवीलाच पुजलेला. बायसन (अमेरिकन रानगवे) त्यात पोटापर्यंत बुडालेले. फोटोत गवताचा कोंबडीच्या पायासारखा तीन बोटांचा तुरा एकदम शार्प येतो आणि मागे बायसनचा नुसता तपकिरी ठिपका.

मिररलेस बॉडी, 150-600 लेन्स आणि मोनोपॉड आहे. ॲनिमल आय फोकसला (प्राण्याचा डोळा आपोआप शोधणाऱ्या सोयीला) त्या काळ्या, दाट केसांत डोळाच सापडत नाही. सिंगल पॉइंट (फोकससाठी एकच ठिपका) लावला, तर जनावर मान खाली घालतं आणि पॉइंट पुन्हा गवतावर. फोकस मॅन्युअल करून पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावलं, तर ते सगळं गवतच रंगवून टाकतं. एफ 11 ला 600 मिमीवर फोकसची खोली (डेप्थ ऑफ फील्ड) फारशी वाढत नाही, शटर स्पीड मात्र पडतो.

जवळ जा असं कृपया सुचवू नका; किमान 100 यार्ड अंतराचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. ड्रोनलाही बंदी आहे. नवीन लेन्सचं बजेट नाही. एक्स्पोजरचं जमतं, ती अडचण नाही.

अशा वेळी फोकस मध्येच गवतावर उडी मारू नये म्हणून ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी (मध्ये काही आलं की फोकस किती चटकन तिकडे वळतो ते) आणि फोकस एरिया तुम्ही नेमका किती ठेवता? की सरळ टेकाडावर चढून वरून, कमी गवतातून फ्रेम शोधणंच बरं?